गटारातला आकडा आरोग्य खात्याच्या टेबलावर कधी येणार?

२०२५ च्या जुलैमध्ये आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडून सांगण्यात आलं की देशातल्या ५० शहरांत सांडपाण्यातून १० विषाणूंवर लक्ष ठेवणार, तोपर्यंत हे काम फक्त पाच शहरांत आणि तेही कोविड आणि पोलिओपुरतंच चालू होतं. बातमी एकदोन दिवस फिरली आणि विरून गेली. मला मात्र ही फार मोठी गोष्ट वाटते आणि मनापासून आनंदही झाला, पण सोबत एक काळजी लागून राहिलीय ती इथं मांडतो.

काळजी अशी की नमुने घेतले जातील, टेस्ट होतील, आकडे निघतील, आणि ते कुठल्यातरी सर्व्हरवर पडून राहतील. ज्या भागातल्या चेंबरमधून ते पाणी आलं तिथल्या मेडिकल ऑफिसरला कळणार नाही, गल्लीतल्या दवाखान्यातल्या डॉक्टरला कळणार नाही आणि तिथं राहणाऱ्या माणसाला तर अजिबातच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ही तपासणी पाणी सोडण्यासारखी, कचरा उचलण्यासारखी महापालिकेची नेहमीची ड्युटी झाली पाहिजे, आकडा दर आठवड्याला सगळ्यांना दिसला पाहिजे, आणि आकडा वाढला तर कुणी काय करायचं हे आधीच कागदावर लिहून ठेवलेलं पाहिजे. या तीन गोष्टी नसतील तर ५० काय ५०० शहरं घेतली तरी त्यातून रिसर्च पेपरच निघतील, रोग आटोक्यात यायला त्याचा फार उपयोग होणार नाही.

आणि हे काही नवीन, परदेशातून शिकून यायचं तंत्र नाहीये, आपल्या मुंबईत हे २००१ पासून चालू आहे. परळला हाफकिनच्या आवारात एन्टरोव्हायरस रिसर्च सेंटर आहे, तिथल्या लोकांनी पोलिओसाठी मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने तपासायला सुरुवात केली. पोलिओचा घोळ असा आहे की साधारण २०० मुलांना लागण होते तेव्हा त्यातल्या एखाद्याचाच हात किंवा पाय लुळा पडतो, बाकीची मुलं हसत खेळत फिरत असतात आणि कित्येक आठवडे त्यांच्या शौचातून विषाणू बाहेर पडत राहतो. म्हणजे तुम्ही दवाखान्यात बसून लुळ्या पडलेल्या मुलाची वाट बघत बसलात तर तोपर्यंत विषाणू शेकडो घरांत जाऊन आलेला असतो. गटारात मात्र तो लपत नाही, सगळ्यांचं सगळं तिथंच येतं, श्रीमंताचं गरिबाचं, दवाखान्यात गेलेल्याचं आणि न गेलेल्याचं. मुंबईच्या पाण्यात सापडलेल्या विषाणूंची जनुकीय रचना बघितली तर त्याचं नातं उत्तर प्रदेशातल्या विषाणूंशी जुळायचं, त्यावरून कळायचं की साखळी कुठं चालू आहे आणि जोर कुठं लावायचा. मुंबईच्या सांडपाण्यात जंगली पोलिओ, म्हणजे लसीतून न आलेला मूळचा विषाणू, शेवटचा सापडला तो नोव्हेंबर २०१० मध्ये, देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची एक लहान मुलगी, आणि मार्च २०१४ मध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं. ते मिळताना एक मोठा आधार हा होता की रुग्णही नाहीत आणि गटारातही काही सापडत नाही. नुसते रुग्ण नाहीत एवढ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता आणि ठेवूही नये.

पण पोलिओचं हे जमलं कशामुळं, तर फक्त लॅब चांगली होती म्हणून नाही. विषाणू सापडला, मग तो रुग्णात असो की सांडपाण्यात, तर ती आणीबाणी धरायची आणि त्या भागात पुन्हा डोसची फेरी काढायची हे आधीच ठरलेलं होतं. आशाताई, अंगणवाडीच्या ताई, बोटाला शाई लावणारे बूथवरचे लोक, सगळी फौज तयार होती, फक्त कुठं जायचं ते गटार सांगत होतं. कोविडमध्ये नेमकं हेच झालं नाही.

त्याच्याकडे येतोच, पण आधी हे काम प्रत्यक्षात होतं कसं ते थोडं सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की हे कुठलंतरी रॉकेट सायन्स आहे आणि आपल्या नगरपालिकेच्या आवाक्यातलं नाही. मैलाशुद्धीकरण केंद्रावर, म्हणजे ज्याला सगळे एसटीपी म्हणतात तिथं, शहराचं पाणी आत येतं त्या तोंडाशी जाळी असते, प्लास्टिक, चिंध्या, केस असलं सगळं तिथं अडकतं. जाळीच्या पुढं दोरीला बांधलेलं भांडं खाली सोडायचं, पाणी वर घ्यायचं, बाटलीत भरायचं, बाटलीवर तारीख वेळ आणि जागा लिहायची, बर्फाच्या डब्यात ठेवायचं आणि लॅबला पाठवायचं. सकाळची वेळ साधतात, कारण तेव्हा शहर संडासला गेलेलं असतं. पैसे असतील तर मशीन लावतात, ते दिवसभरात थोड्या थोड्या वेळानं थोडं थोडं पाणी ओढून एकत्र करतं, तो नमुना जास्त भरवशाचा. लॅबमध्ये ते गरम करून जिवंत जंतू मारतात, गाळतात, एक रसायन टाकून त्यातला विषाणूंचा अंश खाली बसवतात आणि मग आरटी-पीसीआर, तीच जी आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून करून घेतलीय. पोलिओसाठी मात्र विषाणू जिवंत पेशींवर वाढवून बघतात, ते वेगळं आणि जास्त वेळखाऊ.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे मिरची. गटारात आंघोळीचं पाणी असतं, धुण्याभांड्याचं असतं, मध्येच पाऊस आला तर तेही असतं, मग आज विषाणू कमी दिसला तो खरंच कमी झाला की पाणी जास्त झालं म्हणून पातळ झाला, हे कळणार कसं. तर मिरचीच्या झाडावर एक विषाणू पडतो, पेपर माइल्ड मॉटल व्हायरस, तो माणसाला काहीही करत नाही पण मिरची खाल्ली, तिखट खाल्लं की पोटातून तसाच बाहेर पडतो. माणसाच्या विष्ठेत तो जगभर भरपूर सापडतो. म्हणून शास्त्रज्ञ आधी पाण्यात मिरचीचा विषाणू किती ते मोजतात, त्यावरून त्या नमुन्यात माणसांचा वाटा किती याचा अंदाज येतो आणि मग रोगाच्या विषाणूचा आकडा त्याच्याशी ताडून बघतात. आपल्याकडे रोजच्या जेवणात ठेचा, लाल तिखट आणि तळलेली मिरची असताना ही खूण चुकायचा प्रश्नच नाही.

आता कोविड. नेदरलँड्समध्ये आमर्सफोर्ट गावात पहिला रुग्ण नोंदला जायच्या सहा दिवस आधी सांडपाण्यात विषाणूचा अंश सापडला होता. आपल्याकडे आयआयटी गांधीनगरच्या टीमनं मे २०२० मध्येच घेतलेल्या अहमदाबादच्या सांडपाण्याच्या नमुन्यांत कोविड दाखवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेनं एसटीपीच्या पाण्यावरून अंदाज केला की गेल्या ३५ दिवसांत शहरातल्या सुमारे साडेसहा लाख लोकांना लागण होऊन गेली असावी, आणि सरकारी आकडा त्याच्या जवळपासही नव्हता. पुण्यात एनसीएल म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी एसटीपीच्या आणि नाल्यांच्या पाण्यातून व्हेरियंट शोधले. म्हणजे बुद्धी होती, लॅब होत्या, माणसं रात्रंदिवस खपत होती. पण हे सगळं प्रोजेक्ट म्हणून झालं. फंडिंग संपलं की काम थांबतं, आणि निष्कर्ष पेपरमध्ये छापून येतात तोपर्यंत साथ कधीच ओसरलेली असते. शास्त्रज्ञाला पेपर लागतो हे मान्य, त्याची नोकरी त्याच्यावर आहे, पण मेडिकल ऑफिसरला गुरुवारी सकाळी आकडा लागतो, की माझ्या झोनमध्ये गेल्या तीन आठवड्यांत काय वाढतंय, बेड तयार ठेवू का, शाळांना कळवू का. ही दोन माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत कारण त्यांना बोलायला लावणारी कुठलीही व्यवस्था आपण तयार केलेली नाही.

जानेवारी २०२५ मधलं पुणे आठवा. सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढायला लागले, चांगली चालती बोलती माणसं दोन दिवसांत पाय उचलू शकत नव्हती, काही व्हेंटिलेटरवर गेली, काही दगावली, संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू, दोन्ही पोट बिघडवणारे, सापडले आणि संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे, नांदेडच्या विहिरीकडे वळली. इथं एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे की जीबीएस हा नंतरचा टप्पा आहे. आधी पोट बिघडतं, जुलाब होतात, बहुतेक लोक बरे होतात, आणि एक ते तीन आठवड्यांनी त्यातल्या थोड्या लोकांची स्वतःची प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते. म्हणजे आयसीयू भरायला लागले तेव्हा दूषित पाणी पिऊन कित्येक दिवस उलटले होते. त्या मधल्या दिवसांत शेकडो लोकांनी मेडिकलमधून गोळी घेतली असेल, ओआरएस प्यायले असतील, सुट्टी काढून घरी झोपले असतील, आणि यातलं काहीही कुठल्याही सरकारी रजिस्टरमध्ये चढलेलं नसणार. ते सगळं उतरलं ते गटारात.

मी असं म्हणत नाही की सांडपाणी तपासलं असतं तर जीबीएस टळलाच असता. कॅम्पायलोबॅक्टर कोंबड्यांच्या आतड्यातही असतो, चिकनच्या दुकानाचं पाणी नाल्यात आलं तरी तो सापडणार, त्यामुळं तो दिसला म्हणजे साथ आली असं होत नाही. पण नोरोव्हायरससारख्या पोट बिघडवणाऱ्या दोनचार विषाणूंचा नेहमीचा आकडा माहीत असता आणि तो एकाच पट्ट्यात अचानक वर गेलेला दिसला असता तर विहिरीचं पाणी तपासायला, क्लोरीन वाढवायला, पाणी उकळून प्या म्हणून गाडी फिरवायला काही दिवस आधी सुरुवात करता आली असती. काही दिवस म्हणजे ज्यांच्या घरातलं माणूस व्हेंटिलेटरवर होतं त्यांना विचारा काय असतं ते.

आणि इथंच सगळ्यात अवघड प्रश्न येतो जो या विषयावर उत्साहानं बोलणारे बरेच जण टाळतात. नांदेड, किरकटवाडी ही गावं महापालिकेत आली २०२१ मध्ये. इमारती उभ्या राहिल्या, टँकर सुरू झाले, पण ड्रेनेजची लाइन सगळीकडे पोचलेली नाही. कुठं सेप्टिक टँक, कुठं शोषखड्डा, कुठं सरळ ओढ्यात. म्हणजे तुम्ही शहराच्या एसटीपीवर बाटली भरत बसलात तर ज्या भागात खरा धोका आहे त्याचं पाणी त्या बाटलीत येतच नाही. शितावरून भाताची परीक्षा होते पण भात एका पातेल्यात शिजलेला असेल तर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात आहे की देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि शुद्धीकरणाची बसवलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर, प्रत्यक्षात शुद्ध होतं ते त्याहूनही कमी. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी एसटीपीचं तोंडही बघत नाही. आणि ते कुणाचं पाणी आहे हे सांगायची गरज नाही, वस्त्यांचं, नव्यानं आलेल्या गावांचं, छोट्या नगरपालिकांचं. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची केवढी मोठी साथ आली होती, माणसं गेली, पंचगंगेच्या प्रदूषणावर तेव्हापासून आत्तापर्यंत नुसती भाषणं चालू आहेत. ५० शहरांच्या यादीत मुंबई पुणे नागपूर येणारच, पण इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी यांचं काय.

याला उत्तर नाही असं नाही. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात मूर नावाच्या डॉक्टरनं पॅराटायफॉइड, म्हणजे टायफॉइडसारखाच एक ताप, कुठून येतोय ते शोधण्यासाठी गॉजचे, म्हणजे जखमेला बांधतो त्या जाळीच्या कापडाचे बोळे दोरीला बांधून गटारांत सोडले, एकदोन दिवस तसेच लटकत ठेवले आणि मग काढून तपासले. पाणी त्यातून वाहत राहतं, जंतू कापडात अडकत जातात. गटाराच्या एका फाट्यावरून दुसऱ्या फाट्यावर असं मागं मागं जात तो त्या घरापर्यंत पोचला जिथं रोगाचा वाहक राहत होता. आजही टायफॉइड, कॉलरा शोधायला हेच बोळे वापरतात, त्यांना मूर स्वॅबच म्हणतात. मेडिकलमधलं गॉज आणि सुतळी एवढाच खर्च, हे नाल्यात चालतं, ओढ्यात चालतं, बाजूच्या उघड्या गटारातही चालतं. शिवाय सेप्टिक टँक उपसणाऱ्या गाड्या आहेत, त्या गाडीतून थेट नमुना घेता येतो, फक्त गाडी कुठल्या भागातून आली ते ड्रायव्हरला विचारून नोंदवायचं. हे सगळं आपल्या परिस्थितीला धरून बसवायचं तर पद्धती वेगळ्या लागतील आणि त्या बसवणारी माणसं आपल्याच महापालिकांमध्ये आणि मेडिकल कॉलेजांमध्ये आहेत. पण त्यासाठी ५० शहरांची योजना म्हणजे ५० शहरांचे एसटीपी एवढाच अर्थ घेऊन चालणार नाही.

पैशाचा मुद्दा निघतोच. आरोग्य खात्यातली माणसं म्हणतात की आधी आमच्या रिकाम्या जागा भरा, पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची ओटी टेस्ट रोज करायला माणूस नाही आणि तुम्ही गटाराचं जीनोम काढायला निघालात. मला हा मुद्दा शंभर टक्के पटतो, आणि ज्या गावात पाण्यात क्लोरीन आहे की नाही हेच कुणी बघत नाही तिथं आधी ओटी टेस्टच झाली पाहिजे, त्याला पर्याय म्हणून मी हे सांगत नाहीये. पण माणसं कमी आहेत म्हणूनच तर हे हवं, कारण एक बाटली लाखो लोकांची खबर देते आणि त्यासाठी लाखो लोकांना रांगेत उभं करावं लागत नाही. कोविडमध्ये जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात आरटी-पीसीआरची सोय झाली, मशीन आली, टेक्निशियन तयार झाले, त्यातली किती मशीन आज पूर्ण वेळ चालू आहेत ते आपापल्या जिल्ह्यात जाऊन बघा. नवीन इमारत नको, नवीन संचालनालय नको, बजेटमध्ये नमुना घ्यायला, पोचवायला आणि तपासायला एक कायमचं हेड पाहिजे, जे प्रोजेक्ट संपला म्हणून संपणार नाही.

दुसरा आक्षेप असा की या आकड्यावरून किती माणसं आजारी आहेत ते नेमकं सांगता येत नाही. बरोबर आहे, येत नाही. कुणी किती दिवस आणि किती विषाणू बाहेर टाकतो हे माणसागणिक बदलतं, मुंबईत जुलैत पाऊस कोसळतो तेव्हा सगळंच पातळ होतं. अमेरिकेत २०२४ मध्ये सांडपाण्यात बर्ड फ्लूचा एच५ विषाणू दिसायला लागला तेव्हा बऱ्याच ठिकाणी तो माणसांकडून नव्हे तर डेअरीचं दूध गटारात गेल्यामुळं आला असावा असं लक्षात आलं. म्हणून एका दिवसाच्या एका आकड्यावर काहीच करायचं नसतं, सलग तीन चार आठवड्यांची चढ-उतार बघायची, दवाखान्यातल्या रुग्णांशी ताडायची, नमुन्याच्या जागेजवळ कत्तलखाना डेअरी काय आहे ते माहीत असायला हवं. हे सगळं कळणारा एक साथरोगतज्ज्ञ प्रत्येक मोठ्या महापालिकेत पगारावर असला पाहिजे, लॅबपेक्षाही मला त्याची जास्त गरज वाटते.

आता ज्या गोष्टीची मला खरंच भीती वाटते ती. २०२० च्या ऑगस्टमध्ये अॅरिझोना विद्यापीठानं एका होस्टेलच्या ड्रेनेजमध्ये कोविड सापडल्यावर तिथल्या ३११ जणांची टेस्ट केली आणि लक्षणं नसलेले दोघं सापडले, त्यांना बाजूला ठेवलं, साथ तिथंच थांबली. ऐकायला फार छान वाटतं. हेच आपल्याकडे एका चाळीच्या, एका सोसायटीच्या, एका वस्तीच्या चेंबरवर केलं तर काय होईल याचा विचार करा. आपण पत्रे ठोकून बिल्डिंगी बंद केलेल्या आहेत. मार्च २०२० मध्ये याच महाराष्ट्रात होम क्वारंटाइनवाल्यांच्या हातावर शिक्के मारले. कामवाल्या बाईंना गेटवर अडवलं कारण त्या अमुक वस्तीतून येतात. आणि त्याच्याही मागं जायचं तर १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी रँडच्या हाताखाली सोल्जर घराघरांत घुसून माणसं शोधत होते, त्याचा शेवट २२ जूनला गणेशखिंडीत कसा झाला ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. रोग शोधण्याच्या नावाखाली माणसाच्या दारापर्यंत गेलात की माणूस रोग लपवायला लागतो, हे आपल्या मातीतच घडलेलं आहे. मूरच्या बोळ्यांनी शेवटी एका घराचं दार दाखवलं, तेव्हा पॅराटायफॉइडचा वाहक शोधायला ते गरजेचं होतं, पण नेहमीच्या देखरेखीसाठी ती वाट नको.

म्हणून नियम लेखी पाहिजे. मोठ्या शहरात एका झोनच्या खाली, लाखभर लोकवस्तीच्या खाली आकडा जाहीर करायचा नाही. मुंबईत सांडपाण्याचे कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर असे सात झोन आहेतच, तेवढं पुरेसं आहे. कारण शोधायला आरोग्य खात्याला आणखी आत जावं लागलं तर जाऊ दे, ते आत जाणं पाण्याची गळकी लाइन शोधण्यासाठी, डोस द्यायला आहे, बोर्ड लावायला नाही. पोलिओच्या काळात विषाणू उत्तरेकडून आला ही माहिती लस कुठं द्यायची ते ठरवायला वापरली गेली, तीच माहिती आज व्हॉट्सअॅपवर कशी वापरली जाईल हे ओळखून भाषा आधीच ठरवायला हवी. आणि पोलिसांना या नमुन्यांना हात लावू द्यायचा नाही. २००५ मध्ये इटलीत पो नदीच्या पाण्यावरून कोकेनचा वापर मोजला गेला, ऑस्ट्रेलियात तर सांडपाण्यातून ड्रग्ज मोजायचा राष्ट्रीय कार्यक्रमच आहे. शास्त्र म्हणून ठीक, पण आपल्याकडे एकदा का लोकांना वाटलं की संडासातून पोलीस बघतात तर आरोग्यासाठी पुन्हा कुणी चेंबरचं झाकण उघडू देणार नाही.

मग जाहीर तरी का करायचं, आतल्या आत ठेवलं तर घबराट होणार नाही, असं अधिकारी म्हणतात. २०२२ मध्ये लंडनला काय झालं ते बघा. बेक्टनच्या केंद्रात, जिथं लंडनच्या उत्तर आणि पूर्व भागातल्या सुमारे ४० लाख लोकांचं पाणी येतं, फेब्रुवारीपासूनच्या नमुन्यांत लसीतूनच बदलून तयार झालेला पोलिओ विषाणू सापडत होता. जूनमध्ये तिथल्या सरकारनं उघड सांगितलं, ऑगस्टमध्ये लंडनमधल्या १ ते ९ वर्षांच्या सगळ्या मुलांना जादा डोस द्यायचं ठरवलं. एकही मूल लुळं पडल्याचं तिथं आढळलं नाही. लोक घाबरून पळाले नाहीत, मुलांना घेऊन दवाखान्यात गेले. घबराट आकड्यानं होत नाही, आकडा लपवलाय असं वाटलं की होते, आणि जीबीएसच्या वेळी पुण्यात जे शेकडो फॉरवर्ड फिरत होते ते त्याचंच उदाहरण आहे, चिकन खाऊ नका, पनीर खाऊ नका, अमुक गावाचं पाणी पिऊ नका. महापालिकेच्या वेबसाइटवर साधा आलेख असता, हा भाग, हा आठवडा, हा विषाणू, गेल्या महिन्यापेक्षा जास्त की कमी, तर बालरोगतज्ज्ञ तो बघून आईला सांगू शकले असते.

यातून लसीचे निर्णयही घेता येतात हा भाग आपल्याकडे कुणी बोलतच नाही. नवी मुंबई महापालिकेनं २०१८ मध्ये टायफॉइडची नवीन लस मुलांना मोफत द्यायला सुरुवात केली, सरकारी पातळीवर अशी मोहीम काढणारी ती जगातली पहिली. हे एका महापालिकेनं करून दाखवलंय हे सगळ्यांना माहीत असायला हवं. कुठल्या शहरात टायफॉइड जास्त आहे हे दवाखान्यांच्या नोंदीवरून ठरवणं महाकठीण, कारण निम्म्या लोकांनी टेस्टच्या आधीच अँटिबायोटिक घेतलेलं असतं आणि मग ब्लड कल्चरमध्ये काही येत नाही. अशा वेळी नाल्यातला गॉजचा बोळा उपयोगी पडतो.

नमुना घेणाऱ्या माणसाबद्दलही बोलायलाच हवं. ५० शहरांत दर आठवड्याला चेंबरची झाकणं उघडली जाणार, ती कोण उघडणार हे आपल्याला पक्कं माहीत आहे. २०१३ च्या कायद्यानं माणसाला साधनांशिवाय गटारात उतरवायला बंदी आहे आणि तरीही माणसं उतरवली जातात, गुदमरून मरतात. या कामात कुणीही, एकदाही खाली उतरायचं नाही, वरून दोरी किंवा मशीन, हे करारातच लिहिलेलं पाहिजे. त्यांना टायफॉइड, कावीळ, धनुर्वाताच्या लसी महापालिकेनं द्यायच्या, हातमोजे बूट द्यायचे, पावसाळ्यात लेप्टोच्या गोळ्या द्यायच्या. ठेकेदारावर सोडून चालणार नाही, कारण या सगळ्या शास्त्राचा पहिला हात त्यांचा आहे.

आणि आपल्याकडे याची परीक्षा लांब नाही, नाशिकचा सिंहस्थ आहे. २०२७ मध्ये गोदावरीवर, रामकुंडावर, त्र्यंबकेश्वरला देशभरातून माणसं येणार, दाटीनं राहणार, तात्पुरत्या संडासांतला मैला गाड्यांनी उचलला जाणार. पंढरपूरला आषाढीत दरवर्षी याचंच छोटं रूप असतं. रस्ते, घाट, पूल, पार्किंग यांच्या निविदांच्या बातम्या रोज येतात, सांडपाण्याच्या तपासणीबद्दल मी अजून काही वाचलेलं नाही. मेळा सुरू झाल्यावर बाटल्या भरायला घेऊन उपयोग नाही, कारण नाशिकचा नेहमीचा आकडा किती हेच माहीत नसेल तर वाढलाय की नाही ते कशावरून सांगणार. त्यासाठी तपोवनच्या केंद्रावर, त्र्यंबकच्या नाल्यावर आणि मैला गाड्या रिकाम्या होतात त्या जागी शक्य तितक्या आधीपासून, सगळे ऋतू धरून, दर आठवड्याला नमुने घेतलेले पाहिजेत, कॉलरा, टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि ई, नोरो, गोवर एवढं तरी बघितलं पाहिजे, आणि कुठला आकडा किती वाढला की क्लोरीनचे टँकर कुठं पाठवायचे, कुणी कुणाला फोन करायचा, हे पहिल्या शाही स्नानाच्या कितीतरी आधी आयुक्त, जिल्हाधिकारी आणि सिव्हिल सर्जन या तिघांच्या सहीनं कागदावर असलं पाहिजे.